कच्च्या पपईचे पाच महिने

आमच्या घरात मला गोष्ट सांगायचा आग्रह कुणी करत नाही, कारण माझी कुठली ना कुठली गोष्ट चालूच असते. बायकोचं म्हणणं असं, की मी खालून कोथिंबिरीची जुडी आणली तर कोथिंबीर सुकते पण ती कशी आणली याची हकीकत ताजीच राहते. मुलगी आता बंगळुरूला असते. ती फोन उचलतानाच विचारते, "बाबा, शॉर्ट व्हर्जन आहे का?" ते माझ्याकडे कधीच नसतं.

हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या फजितीचं मूळ त्यात आहे. फार बोलणाऱ्या माणसाला एक खोड असते. तो दुसऱ्याचं अर्धंच ऐकतो. उरलेलं अर्धं आपल्याला ठाऊक आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस मला खोकला झाला. गाझियाबादमध्ये आमच्या सोसायटीजवळ एक डॉक्टर बसतात, वयानं माझ्याहून लहान, स्वभावानं माझ्याहून पुष्कळ मोठे. त्यांना मी खोकल्याचा इतिहास सांगत होतो. ऑफिसातला एसी कुणाच्या डोक्यावर येतो, मग त्यावरून कशी भांडणं झाली, इथपर्यंत पोचलो होतो. त्यांनी स्टेथोस्कोप छातीवरून उचलला, माझ्या मानेवर ठेवला आणि म्हणाले, "भाईसाहब, एक मिनट चुप रहिए. साँस भी मत लीजिए."

उजवीकडे ऐकलं. डावीकडे ऐकलं. परत डावीकडे ऐकलं. डॉक्टरनं एकाच जागी दोनदा ऐकलं की आपल्याला काय वाटतं, ते ज्यांना वाटलंय त्यांनाच कळेल.

मग मानेची सोनोग्राफी झाली. डाव्या बाजूनं मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत आतून थर साचला होता आणि रक्ताची जवळपास निम्मी वाट त्यानं अडवली होती. याला प्लाक म्हणतात. चरबी, मेलेल्या पेशी आणि असंच काहीबाही. डॉक्टरांनी कागदावर नळी काढून दाखवली. धोका नुसत्या वाट अडण्याचा नाही, म्हणाले. हा थर फुटला तर तिथं रक्ताची गाठ होते, तिचा तुकडा सुटून वर मेंदूत जातो आणि लकवा मारतो. सध्या ऑपरेशन नको. रोज एक गोळी, रोज चालणं, मीठ कमी. जानेवारीत पुन्हा सोनोग्राफी. बिघडलं असेल तर सर्जनकडे.

"अभी सॉफ़्ट प्लाक है," ते म्हणाले.

मला तेवढ्यानं धीर आला. सॉफ्ट, म्हणजे मऊ. मऊ गोष्ट निघते. ताटाला लागलेला ओला भात पाण्यानं निघतो, वाळला की नखं लागतात. या विचारात मी इतका रमलो, की ते पुढं काय म्हणाले ते बायकोनंच ऐकलं.

पण घरी आल्यावर 'डावीकडे' हा शब्द काही डोक्यातून जाईना.

माझे वडील आमच्या घराण्यातले मूळ गोष्टी सांगणारे. मी त्यांची फिकट कार्बन कॉपी. ते दिल्लीत नोकरीला आले, पहाडगंजला एका खोलीत राहिले, आणि त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला त्यांनी चहा आणि गोष्ट पाजल्याशिवाय सोडलं नाही. त्यांची प्रत्येक गोष्ट "बरं का" नं सुरू व्हायची. "बरं का" म्हणून ते क्षणभर थांबायचे, समोरच्यांवर नजर फिरवायचे, मग गाडी सुटायची. सत्तरीला येता येता त्यांना मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. बोलणं म्हणजे सगळं नव्हे. दोन शब्द उरले. "बरं का." पाणी हवं असलं तरी "बरं का," दुखत असलं तरी "बरं का." संध्याकाळी आम्ही भोवती बसलो की ते नजर फिरवायचे, "बरं का" म्हणायचे, आणि पुढचं यायचं नाही. अकरा महिने ते असे आमच्याकडे बघत राहिले.

मला मरणाची भीती वाटत नाही असं म्हणायची माझी प्राज्ञा नाही. पण त्या दिवसांत जी भीती होती ती मरणाची नव्हती. ती त्या दोन शब्दांनंतरच्या रिकाम्या जागेची होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. इतकं बोलणारा माणूस हे सोडून सगळं बोलला.

आता भाचीला आणतो. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, सांगलीची. दक्षिण दिल्लीत एका संस्थेत पीएचडी करते, तिथंच हॉस्टेलला राहते आणि शनिवारी-रविवारी आमच्याकडे येते. मी तिला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "तू नेमकं काय करतेस?" तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी तिला माझ्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेची गोष्ट सांगितली. त्यामुळे ती काय करते ते राहूनच गेलं होतं.

श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे मटण होतं. हा नेम सगळा जन्म दिल्लीकडे काढूनही मोडलेला नाही. त्या वर्षी मला दोनच तुकडे मिळणार असं जाहीर झालं होतं. बायको मटणाला कच्च्या पपईचा गर चोळत होती. इथलं मटण शिजायला चिवट, म्हणून ही युक्ती ती शेजारच्या पंजाबी काकूंकडून शिकलेली. भाची ओट्याशी उभी होती.

"मामी, तुम्ही आत्ता जे करताय ना, त्याच्याच जवळपासचं माझं काम आहे."

"काय, मटण?"

"पपई. पपईत एक एन्झाइम असतं, ते मांसातले चिवट धागे कापतं. तसंच धागे कापणारं एक एन्झाइम आपल्या अंगात तयार होतं. वेगळं, पण काम तसंच. माणसांच्या प्लाकमध्ये ते सापडतं. किती सापडतं, कुठं सापडतं, ते आम्ही बघतो."

मी दारात होतो. प्लाक म्हटल्यावर माझे कान माझ्याआधी आत गेले. "म्हणजे ते प्लाक कापतं?"

"प्लाकमधले कोलॅजनचे धागे कापतं, मामा."

"आणि मऊ करतं."

"हो, आणि म्हणूनच—"

"अगं, यावरून आठवलं," मी म्हणालो, आणि सांगलीला तिच्या आजीनं चिवट कोंबडीत सुपारीचं खांड टाकून ती कशी शिजवली होती ते सांगायला घेतलं. ती गोष्ट रंगली. भाची हसली, बायकोनंही हसल्यासारखं केलं. "आणि म्हणूनच"च्या पुढचं वाक्य मात्र तिथं ओट्यावर राहिलं, आणि पाच महिने तिथंच पडून होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कच्ची पपई खाऊ लागलो.

माझा हिशेब साधा होता. आधीच मऊ असलेलं प्लाक आणखी मऊ करायचं. मग ते रक्ताबरोबर हळूहळू वाहून जाईल आणि जानेवारीत सोनोग्राफीवाला माझी मान बघून चाट पडेल. हे घरात सांगायची सोय नव्हती. याआधी मी तांब्याच्या भांड्यातलं पाणी, भिजवलेली मेथी आणि उलटं चालणं असे तीन प्रयोग केले होते. उलट्या चालण्यात सोसायटीच्या माळ्याची कुंडी फुटली होती. त्यामुळे माझ्या संशोधनाला घरातून पाठिंबा नव्हता.

सकाळी फिरायला निघताना मी वाटेत पपई घ्यायचो. बागेतल्या बाकावर बसून घरून खिशात आणलेल्या किसणीनं ती किसायची, लिंबू पिळायचं, डबा रिकामा करायचा. चवीबद्दल इतकंच सांगतो, की तिला चव नसते. वरून मीठ घालणं मला बंद होतं. त्या बाकावर आमची सकाळची मंडळी बसायची, सगळे साठीच्या आसपासचे, आणि प्रत्येकाच्या हातात एक बाटली. एकाच्या बाटलीत दुधीचा रस, दुसऱ्याच्या अर्जुनाच्या सालीचा काढा, तिसऱ्याच्या लसणाचं पाणी, आणि त्याच्या शेजारी कुणी बसत नसे. माझी किसणी पाहून ते जराही दचकले नाहीत. एक सरदारजी एवढंच म्हणाले, "करो जी, करो. फ़ायदा ना हो तो भी टाइम पास है." त्या बाकावर मला प्रथमच माझ्या बरोबरीची माणसं भेटली असं वाटलं.

रात्रीची गोळी मात्र माझ्या हातात नव्हती. जेवण झालं की बायको ती तळहातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची आणि माझा घसा वरखाली होईपर्यंत समोर उभी राहायची. एक दिवस मी म्हणालो, "मला काय लहान समजतेस?" ती म्हणाली, "लहान मुलं ऐकतात तरी."

दसऱ्याच्या सुमाराला तिच्या माहेरचे पाहुणे आले. त्यांना मटण चावता चावेना. "काय करू," ती त्यांच्यासमोर म्हणाली, "या भाजीवाल्याकडे कच्ची पपई म्हणून मिळत नाही हल्ली. विचारलं की सकाळीच संपली म्हणतो. कोण नेतं कोण जाणे."

मी तेव्हा पाहुण्यांना कुतुबमिनारची गोष्ट सांगत होतो. ती मी थोडी मोठ्या आवाजात सांगितली.

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही सोनोग्राफीला गेलो. मला आत घेतलं, बाहेर बायको. मानेला गार जेल लावून तंत्रज्ञ ते यंत्र फिरवत होता आणि मी त्याला, न राहवून, आडून आडून पपईचं सांगत होतो. "अंकल, बात मत कीजिए," तो म्हणाला. "गर्दन हिलती है तो इमेज हिलती है."

तासाभरानं पाकीट हातात आलं. बायको औषधांच्या काउंटरवर रांगेत होती. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून पाकीट फोडलं. इंग्रजी रिपोर्ट. वाट जूनमध्ये होती तितकीच अडलेली. आणि पुढं लिहिलं होतं, की प्लाक आता बऱ्याच अंशी कॅल्सिफाइड आहे.

कॅल्सिफाइड. चुना. आमच्या गाझियाबादला बोअरचं पाणी येतं. दोन वर्षांत गीझरच्या कॉइलवर पांढऱ्या दगडाचा असा थर चढतो, की प्लंबर हातोडीनं ठोकून काढतो आणि शेवटी म्हणतो, नवीनच घ्या. मला ती कॉइल दिसली. मऊ होतं ते दगड झालं होतं. पाच महिने मी बेचव पपई किसून खाल्ली आणि मानेत दगड वाढवला. आता सर्जन. आणि सर्जनच्या आधी, कधीही, कुठंही, तो झटका.

बायको आली, बसली. "काय म्हणतायत?"

मी पाकीट मागच्या सीटवर ठेवलं आणि गाडी सुरू केली. बोलावंसं वाटत होतं. पण मनात विचार आला, की आपण तोंड उघडलं आणि फक्त "बरं का" बाहेर आलं तर? म्हणून मी तोंडच उघडलं नाही.

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत या बाईनं माझ्याशेजारी गाडीत शांतता ऐकलेली नव्हती. दहा मिनिटं तिनं वाट बघितली. मग म्हणाली, "अहो, समोरचा बघा कसा मध्येच घुसला." हे आमिष होतं. दिल्लीच्या रहदारीवर मी एरवी आनंद विहारपर्यंत बोलू शकतो. मी नुसती मान हलवली.

आनंद विहारच्या लाल दिव्याला गाडी थांबली. ती माझ्याकडे वळली. भाचीनं जूनमध्येच तिला शिकवून ठेवलं होतं, लकव्याचा संशय आला तर काय बघायचं ते.

"दोन्ही हात वर करा."

मी तिच्याकडे बघितलं.

"आत्ता. वर करा म्हणते ना."

मी हात वर केले. शेजारच्या रिक्षावाल्यानं आमच्याकडे पाहिलं, मग मागं पाहिलं, पोलीस आहेत का म्हणून.

"आता हसा."

त्या क्षणी हसणं किती कठीण होतं हे सांगून कळणार नाही. मी दात दाखवले. ती माझ्या तोंडाचे दोन्ही कोपरे तपासत होती, भाजी निवडताना बघते तशी.

"आता एक पूर्ण वाक्य बोला."

मागून हॉर्न सुरू झाले. दिवा हिरवा झाला होता. माझे हात अजून वरच होते.

"प्लाक दगड झालंय," मी म्हणालो.

वाक्य पूर्ण होतं. तिनं सुस्कारा सोडला आणि पदरानं डोळे पुसले. "इतकंच ना," म्हणाली. "बोलताय ना. चला, गिअर टाका." वाक्याचा अर्थ तिच्यापर्यंत कौशांबीच्या पुढं कधीतरी पोचला असावा, कारण मग तीही गप्प झाली.

घरी भाची येऊन बसली होती. तिनं रिपोर्ट घेतला, खिडकीपाशी नेला, दोनदा वाचला. दोनदा वाचणाऱ्यांची मला आता धास्तीच बसली आहे. मग ती वळली आणि तिचा चेहरा हसरा होता.

"मामा, हे छान आहे."

"काय छान आहे? दगड झालाय."

"तेच तर छान आहे."

मी बोलायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला. "मामा, आज तुम्ही माझं शेवटपर्यंत ऐकायचं. मध्ये आजीची कोंबडी नाही, काही नाही."

मी खुर्चीवर बसलो. माझी बायको हे दृश्य बघायला पोळ्यांचं पीठ घेऊन बाहेरच्या खोलीत आली.

"मामी, पुरणपोळीची पारी फाटली तर काय होतं?"

"पुरण तव्यावर येतं आणि जळतं."

"बस. प्लाक तसंच असतं. आत मऊ, चरबीचं पुरण. बाहेरून धाग्यांची पारी. पारी जाड आहे तोवर पुरण आत बसतं, काही करत नाही. आता ती चरबी साफ करायला आपल्याच पेशी तिथं येतात. पण त्या तिथंच अडकतात आणि ते एन्झाइम सोडत राहतात. धागे कापणारं. ते पारी कुरतडतं. पारी पातळ झाली की एक दिवस फाटते, पुरण रक्तात उघडं पडतं, आणि तिथं गाठ होते."

"मग ते एन्झाइम आपलं शरीर करतं कशाला?" बायकोनं विचारलं. तिला ऐकून घेता येतं म्हणून योग्य प्रश्नही विचारता येतात.

"ते वाईट नाही हो मामी. जखम भरताना जुने धागे काढून नवे घालावे लागतात, तेव्हा तेच लागतं. चुकीच्या जागी, नको तितकं झालं की घोटाळा. सोसायटीत पाइप दुरुस्त करायला आलेली माणसं भिंतच पाडून जातात ना, तसं. आणि अजून सगळं कळलेलंही नाही. म्हणून तर आमची पोटं चालतात." ती माझ्याकडे वळली. "तर मामा, धोका मऊ प्लाकचा जास्त असतो. तुमचं घट्ट होऊन जागेवर बसलंय, वाढलेलं नाही. तुम्ही जी गोळी घेताय, तिच्यानं असं होताना दिसतं. मी डॉक्टर नाही, सोमवारी त्यांनाच विचारा. पण मी आज नीट झोपणार आहे."

म्हणजे ओट्यावर पडून राहिलेलं वाक्य हे होतं. आणि म्हणूनच ते धोक्याचं असतं.

मी विचारलं, "आणि समजा, एखाद्यानं धागे कापणारं एन्झाइम मुद्दाम, मऊ व्हावं म्हणून, घेतलं तर?"

"कोण घेईल?"

"समजा."

"कसलं एन्झाइम?"

"पपईचं."

पिठातले हात थांबले.

मग मी सगळं सांगितलं. बाक, किसणी, लिंबू, सरदारजी. माझ्या आयुष्यातली ही पहिलीच गोष्ट, जी मी शक्य तितक्या थोडक्यात सांगितली. भाची आधी गंभीर झाली, गोळी चुकवली होती का ते तिनं विचारलं. नव्हती, कारण चुकवू दिली नव्हती. मग ती जी हसायला लागली, ती सोफ्यावरून खाली आली. पपईचं एन्झाइम पोटातच पचून जातं, ती हसता हसता म्हणाली, ते तसंच्या तसं मानेपर्यंत पोचत नाही. "तुमच्या पोटानं पपईला पपईसारखंच वागवलं, मामा. पोचलं असतं तर मात्र आपण पारी कुरतडायला स्वतःहून माणसं पाठवली असती."

बायको हसली नाही. ती म्हणाली, "माझ्या भावाचा दात हलला त्या मटणात. आणि तुम्ही कुतुबमिनार सांगत होतात."

जेवणानंतर भाचीनं मला फोनवर तिच्या कामाचा एक फोटो दाखवला. मी मागितला, तिलाही त्याचं आश्चर्य वाटलं. गडद निळ्या रंगाचा एक पातळ चौकोन, जेलीसारखा, आणि त्यात ओळीनं पांढऱ्या पट्ट्या. काही अंधूक, काही रुंद, लख्ख. त्या निळ्यात जिलेटिन असतं, ती म्हणाली, धाग्यांचंच रूप. प्लाकचा अर्क त्यात सोडला की एन्झाइम आपलं खाणं शोधतं. जिथं त्यानं खाल्लं, तिथं निळा रंग चढत नाही. जितकी पट्टी रुंद, तितकं ते जास्त.

"हे कुणाचं प्लाक?"

"ज्यांच्या मानेचं ऑपरेशन झालं त्यांचं. काढून टाकायचंच असतं, ते त्यांच्या परवानगीनं आम्हाला मिळतं. नाव नसतं, फक्त क्रमांक."

मी रुंद पट्टीवर बोट ठेवलं. "हा बोलत असेल का गं आता?"

तिला माझ्या वडिलांचं, म्हणजे तिच्या आजोबांचं, सगळं माहीत होतं. ती लहान असताना त्यांच्यासमोर बसायची आणि "बरं का"नंतर तिला वाटायचं, आजोबा गंमत करतायत. ती म्हणाली, "ज्यांचं वेळेवर काढलं ते बहुतेक बोलत असतील, मामा. म्हणून तर काढतात." मी फोन तिला परत दिला. मग कितीतरी वेळ मला ती पांढरी पट्टी दिसत राहिली, कुणाच्या तरी मानेतली, मला अनोळखी, आणि तरी आपल्याच नात्यातली.

सोमवारी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, जूनचा शेजारी ठेवून पाहिला. "पत्थर बन के बैठ गया. बढ़ा नहीं," ते म्हणाले. "यही तो चाहिए था. ऑपरेशन की बात अभी नहीं. ख़तरा पूरा गया, ऐसा मैं कभी नहीं बोलूँगा. गोली ज़िंदगी भर, चलना ज़िंदगी भर." मग कौतुकानं विचारलं, "क्या किया आपने?"

मी म्हणालो, "टहला."

बायको म्हणाली, "कच्चा पपीता खाया. पाँच महीने. छुप के."

डॉक्टरांनी चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. "और गोली?"

"वो मैंने खिलाई," ती म्हणाली.

"तो फिर आपने किया," डॉक्टर तिला म्हणाले, आणि माझा कागद तिच्या हातात दिला. त्या दिवसापासून माझी फाइल तिच्या कपाटात असते.

येताना गाडीत मी सुटलो. दवाखान्याच्या पायऱ्यांपासून जे सुरू झालं ते आमच्या गेटापर्यंत. पुलावर कुठंतरी ती म्हणाली, "अहो, जरा गप्प बसा की." मी थांबलो. फार तर अर्धं मिनिट गेलं असेल. "नको," ती बाहेर बघत म्हणाली. "बोला तुम्ही."

त्याच आठवड्यात संक्रांत होती. संक्रांतीला पानिपतला काला अंबला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला, जायचं हा वडिलांनी पाडलेला पायंडा. ते पहाडगंजहून बसनं जायचे, आम्हाला घेऊन. आता आम्ही गाडीनं जातो. तिथं महाराष्ट्रातून आलेली बरीच मंडळी असतात, फेटे, झेंडे, आणि गाझियाबादहून आलेला एक माणूस जो दरवर्षी आपल्या कुटुंबाला उभं करून लढाई पहिल्यापासून सांगतो. दरवर्षी ती थोडी लांबते. बायकोच्या मते आता प्रत्यक्ष लढाईपेक्षा जास्त वेळ लागतो.

वाटेत धुकं होतं. मुरथलला ढाब्यावर पराठे घेतले. माझ्या पराठ्यावरचा पांढऱ्या लोण्याचा गोळा बायकोनं उचलून भाचीच्या ताटात ठेवला, आणि मी तो जाताना पाहिला, जसा माणूस स्टेशनवर कुणाला निरोप देतो. तरी मला काही तक्रार नव्हती. कोरडा पराठा त्या दिवशी मला इतका चवदार लागला, की पाच महिन्यांच्या पपईची किंमत वसूल झाली.

काला अंबला पोचलो तेव्हा धुकं विरत होतं. ओल्या गवतातून आम्ही त्या स्तंभापाशी गेलो. भाचीनं माझ्या तळहातावर तिळाची वडी ठेवली. बायको कठड्याशी टेकली, शाल लपेटून, लांबच्या प्रवासाला बसावं तशी. आमच्या जवळ साताऱ्याकडची तीन-चार पोरं उभी होती, दिल्लीत परीक्षेची तयारी करणारी. मी घसा खाकरला तशी तीही सरकून आली.

"थोडक्यात," बायको म्हणाली.

मी सगळ्यांवरून नजर फिरवली. वडील फिरवायचे तशीच ती फिरली, मी ठरवलं नव्हतं. आणि तोंडातून त्यांचेच दोन शब्द निघाले.

"बरं का," मी म्हणालो आणि थांबलो. भाचीनं माझ्याकडे पाहिलं. बायकोनंही पाहिलं. तिळाची वडी माझ्या मुठीत विरघळायला लागली होती.

"तर त्या दिवशी पहाटे असंच धुकं असणार," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य आलं, त्याच्या पुढचंही आलं.